मंजुळाबाईचा नमस्कार

शहागंजात तात्यासाहेबांच्या कापडदुकानाच्या दारात सांडू आठ वर्षं उभा होता, आणि उभं राहणं हेच त्याचं काम होतं. हे काय काम झालं, असं ज्याला वाटत असेल त्यानं लग्नसराईत एकदा तिथं उभं राहून बघावं. खेड्यातलं घर बस्ता बांधायला निघालं, की नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकाच दुकानातून घेणार. जीप भरून माणसं यायची, रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, अन् कोणत्या दुकानात शिरायचं यावर तिथंच भांडायची. तेवढ्या वेळात ज्यानं त्यांना गोड बोलून आत घेतलं त्याची चांदी. बाकीच्यांनी बसावं माशा मारत.

सांडूची नजर घारीची होती. माणूस कोपऱ्यावरून वळला, की त्याला किती वाकायचं हे सांडूला कळायचं. त्याच्या गावच्या पाटलीणबाई, आवडाबाई, आल्या तर तो कमरेत वाकून दोन्ही हात जोडायचा, "या वैनीसाहेब" म्हणायचा, अन् त्या आत जाऊन गादीवर टेकेपर्यंत सरळ व्हायचा नाही. साहेबाच्या बायकोला हात छातीपाशी अन् मान थोडी खाली. बुरख्यातल्या बाईला "आइए आपा" आणि उजवा हात कपाळाला. शेतकरी पाव्हण्याला हात न जोडता तोंड भरून राम राम. त्याच्या खालच्या माणसाला नुसती हनुवटी हलवायची. आणि भीमनगराकडच्या बायका आल्या, की सांडू काहीच करायचा नाही. जरा बाजूला सरकायचा, अन् समोरच्या घड्याळजीच्या दुकानात किती वाजले ते बघत राहायचा. त्या आत गेल्या, की त्याची वेळ बघून व्हायची.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दौलताबादेजवळच्या त्याच्या गावात पोरगं चालायला लागतं तेव्हाच हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. सांडूनं फक्त त्याचा पगार करून घेतला, एवढंच.

ते दिवस असे होते, की अख्ख्या औरंगाबादला कारखान्याचं वेड लागलं होतं. चिकलठाण्यात शेडमागून शेड उठत होती, वाळूजला ज्वारीच्या रानात भोंगे वाजायला लागले होते. दुसरीकडं विद्यापीठाच्या नावाचं पेटलेलं होतं. नामांतराचा ठराव विधानसभेत होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी पाटी होती तशीच. म्हणून क्रांती चौकात सारखे मोर्चे निघायचे, आणि मोर्चा म्हटलं की शहागंजातली शटरं अर्धी खाली यायची. तात्यासाहेबांना दोन्हींचं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्यांचा मुलगा रामकिसन चिकलठाण्यात एका कंपनीच्या टूलरूमला होता, आणि त्याच्या डोक्यात सारखी काहीतरी चाकं फिरत असायची.

त्या रामकिसननं एके दिवशी टेम्पोतून एक बाई आणली.

मुंबईच्या दुकानांत काचेमागं उभी असते तसली कापड नेसवायची बाहुली होती ती. पण रामकिसननं तिला पोटातून कापून आत ट्रकच्या वायपरची मोटार बसवली होती. खांद्यात, मानेत, कमरेत दात्यांची चाकं. डोळे काचेचे, केस खऱ्या माणसाचे. हिरवी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारातल्या पायपुसण्याखाली त्यानं खटका दडवला होता. त्यावर पाय पडला, की बाई तुमच्याकडं मान वळवायची, हात जोडायची, वाकायची अन् पुन्हा सरळ व्हायची. वाकताना पोटातले दाते कुरकुरायचे, म्हणून दुकानातल्या पोरांनी चेष्टेनं तिचं नाव मंजुळाबाई ठेवलं.

पहिला पाय तात्यासाहेबांनी ठेवला. मंजुळाबाईनं त्यांच्याकडं बघून नमस्कार केला. तात्यासाहेब खूश होऊन हसले, पण हसता हसता दोन पावलं मागं सरकले, ते सांडूनं बरोबर टिपलं. तो स्वतः तर केव्हाच गल्ल्यापाशी जाऊन उभा राहिला होता. कशाला भ्यालो, ते त्याला सांगता येईना. पुतळे काय कमी बघितले होते? गावात मारुतीची मूर्ती रोज बघत होता, तिला कधी भ्याला नाही. पण मारुती त्याच्याकडं मान वळवत नव्हता.

शेजारचे टेलर हुसेनमियाँ चष्मा कपाळावर चढवून बाईकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मुर्दा हिलता नै, अन् जिंदा पलक मारे बगैर रहता नै. ये हिलती बी है, पलक बी नै मारती. इसको किधर रखना, दिल को समझता नै मियाँ." आणि ते जे आपल्या दुकानात गेले, ते पुन्हा त्या दारावरून जायची वेळ आली, तर रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

सांडूला तात्यासाहेबांनी दारातून काढून मागं गोदामात घड्या घालायला बसवलं. लग्नसराईत बघू म्हणाले. सांडू घरी गेला, बायकोला, वच्छलाबाईला, सगळं सांगितलं. दोन शब्द धीराचे मिळतील अशी बिचाऱ्याची आशा. वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावरून उतरवली आणि विचारलं, "उभं राहायचं काम मशीनला बी जमतंय व्हय? मग तुम्ही आठ वर्षं तिथं काय करत हुता?"

पण मंजुळाबाईचं लक्षण पहिल्या आठवड्यातच दिसायला लागलं. लेकरं तिला बघून आईच्या पदरात तोंड खुपसायची. बुरख्यातल्या एक बाई आत आल्या त्या तोबा तोबा करत उलट्या पावली गेल्या. बंदोबस्ताचा एक पोलीस सावलीला म्हणून पायपुसण्यावर उभा राहिला, शेजारी काहीतरी कुरकुरलं म्हणून वळला, तर नथ घातलेली बाई त्याच्यापुढं वाकलेली. गड्यानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. बाई पुन्हा वाकली, त्यानं पुन्हा ठोकला. मग त्याची टोपी पडली, आणि ती उचलायला तो थांबला नाही. शहागंजातल्या मोकाट शेळ्यांना ते पायपुसणं लई आवडलं. एखादी त्यावर फतकल मारून रवंथ करत बसायची, आणि मंजुळाबाई तिला नमस्कारावर नमस्कार घालत राहायची.

गोदामात बसून सांडू हे सगळं कान देऊन ऐकायचा अन् आपल्याकडूनही थोडं मीठमिरची लावायचा. दुकान बंद झाल्यावरही ती मान वळवते म्हणे, असं त्यानं पाण्याच्या टाकीपाशी दोघांना सांगितलं. चार वाजेपर्यंत ते मंडईत पोचलं, आणि पाच वाजता कुणीतरी तेच सांडूला येऊन सांगितलं. तेव्हा सांडूलाच दरदरून घाम फुटला.

खरा तमाशा झाला तो बानाबाईच्या बस्त्याला. दौलताबादेच्या किल्ल्याच्या पायथ्याला राहणारी ही धनगराची म्हातारी. नातवाचं लग्न काढलं होतं, नवरा केरबा लाल पागोटं घालून बरोबर, मागं पंधरा-वीस माणसं. बानाबाई दारात आली, पाय पुसायला थांबली. मंजुळाबाई वाकली. बानाबाईला वाटलं, ही दुकानाची मालकीण. एवढ्या मोठ्या सावकाराच्या घरची बाई दारात येऊन आपल्याला हात जोडते, हे बघून तिचा ऊर भरून आला. तिनंही वाकून हात जोडले. पायपुसण्यावरच उभी, म्हणून मंजुळाबाई पुन्हा वाकली. आता या लोकांत रीत अशी, की समोरच्याचा नमस्कार रिता जाऊ द्यायचा नाही. जो फेडायच्या आधी पुढं सरकला तो घमेंडी. बानाबाई पुन्हा वाकली. मंजुळाबाईही. केरबानं पागोटं सावरून मधेच एक राम राम घातला, म्हटलं तेवढ्यानं मिटेल. मिटलं नाही. मागची माणसं उन्हात उभी, अन् पुढं या दोघींचं सौजन्य काही केल्या संपेना.

शेवटी बानाबाईची कंबर धरली. मायेनं हसत ती म्हणाली, "आता पुरं कर माय," आणि तिनं मंजुळाबाईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हात थंडगार अन् कडक. त्यात मंजुळाबाईची वाकायची वेळ झाली होती, ती बानाबाईला हाताला धरूनच खाली वाकली.

म्हातारीची किंकाळी घंटाघरापर्यंत ऐकू गेली म्हणतात. केरबानं काठीनं मंजुळाबाईची नथ उडवली. सगळा बस्ता एका दमात रस्ता ओलांडून पलीकडच्या कापडदुकानात शिरला. गोदामाच्या फटीतून बघणाऱ्या सांडूला हसू आवरेना, त्यानं तोंडात चादरीचा बोळा घातला.

त्या संध्याकाळी तात्यासाहेब कपाळाला हात लावून बसले होते. रामकिसन म्हणत होता की लोकांना सवय नाही, होईल हळूहळू, विजेच्या दिव्यालाही लोक आधी भ्यायचे. तात्यासाहेब व्यापारी माणूस. त्यांनी सांडूला समोर बोलावून सरळच सांगितलं की आता जो पुढचा बस्ता येईल त्यावर निकाल. तो बिचकून गेला, तर बाहुली भंगारात आणि सांडू दारात. आत आला, तर बाहुली दारात आणि सांडूनं आपल्या गावची वाट धरावी. सांडू मनातल्या मनात नाचतच घरी गेला. मंजुळाबाईला बघून बिचकणार नाही असा बस्ता या मुलखात कुठून येणार?

दोनच दिवसांनी क्रांती चौकात मोर्चा होता. शटरं अर्धी खाली, रस्त्यावर गिऱ्हाईक नावाला नाही. दुकानात एकट्या आवडाबाई पाटलीण होत्या. मंजुळाबाईच्या भीतीनं त्या हल्ली मागच्या दारानं, गोदामातून यायच्या. सांडूनं त्यांना कापडाच्या गठ्ठ्यांमध्येच यथासांग वाकून आत घेतलं होतं. गादीवर बसून त्या साड्या बघत होत्या, नाक मुरडत होत्या.

तेवढ्यात शटरखाली निळे झेंडे दिसले, आणि झेंड्यांच्या मागं बायका. मोर्चा संपवून आलेल्या, घशाला कोरड, पायाला धूळ. पुढं चतुराबाई. ही भीमनगरची, चिकलठाण्यात औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. दिवाळीला, पंचमीला, भीमजयंतीला ती याच दुकानातून लुगडं न्यायची. आज तिनं दारातूनच सांगितलं की थोरल्या मुलीचं ठरलंय, बस्ता बांधायचाय.

बस्ता हा शब्द ऐकताच तात्यासाहेब गल्ल्यावरून उठले आणि सांडू गोदामाच्या दाराला चिकटला. पायपुसण्यावर बसलेली शेळी चतुराबाईनं झेंड्याच्या काठीनं हाकलली आणि स्वतः पाय ठेवला. मंजुळाबाईनं मान वळवली, हात जोडले, वाकली. सांडू किंकाळीची वाट बघत राहिला.

चतुराबाई हसली. "जय भीम बाई," म्हणाली आणि आत आली. मागची आली, तिलाही नमस्कार. तिच्या मागचीलाही. एक म्हणाली की आमच्या कंपनीत बाटल्यांना बुचं लावायला असलेच हात आहेत, फक्त त्यांना नथ नाही. दुसरी तर नमस्कार पुन्हा घ्यायला परत बाहेर जाऊन आत आली. बघता बघता गादी बायकांनी भरली, शालू उलगडले, चहा आला. आवडाबाईंनी आपल्या साड्या ओढून घेतल्या अन् भिंतीकडं सरकल्या.

सांडूची आठ वर्षांची जागा डोळ्यांदेखत चालली होती. घरी वच्छलाबाईला काय सांगायचं, गावात काय तोंड दाखवायचं? लाज गुंडाळून तो गादीपाशी आला आणि चतुराबाईच्या बाजूला उकिडवा बसला. "ताई," तो म्हणाला, "तुम्हाला तिची भीती नाय वाटली?"

चतुराबाईनं हातातला शालू खाली ठेवला. ताई हा शब्द कुठून आला, हे शोधल्यासारखं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"आठ वर्षं येते भाऊ मी या दारातनं," ती म्हणाली. "मी आले की तुम्ही समोरचं घड्याळ बघता. पहिल्यांदा मला वाटलं, घरी कुणी आजारी असंल, गडी जायच्या घाईत आहे. मग कळलं. ह्या बाईनं पहिल्याच खेपेला हात जोडले. मग मी भिऊ कशाला तिला?"

खाली मान घालून सांडू गादीवरची सुरकुती सरळ करत राहिला. असली लाज त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

तात्यासाहेबांना मात्र कंठ फुटला होता. एवढा मोठा बस्ता हंगामात आला नव्हता. खुशीत येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं: बानाबाईचं कसं झालं, निकाल कसा ठरला, आणि तुमच्या कृपेनं मंजुळाबाई आता कायमची दारात अन् हा सांडू उद्यापासून मोकळा. बायकांत कुजबुज झाली. बरं झालं, असंही कुणीतरी म्हणालं. चतुराबाई दाराकडं बघत होती. मघाची शेळी परत येऊन पायपुसण्यावर बसली होती, आणि मंजुळाबाई तिच्यापुढं वाकत होती, उठत होती, वाकत होती. तसंच हसरं तोंड, तसेच उघडे डोळे.

बघता बघता चतुराबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"मालक, ही नको," ती म्हणाली.

तात्यासाहेब म्हणाले, आत्ता तर आवडली होती. चतुराबाई म्हणाली, आवडली होती, पण आता भ्या वाटायला लागलं. "तिला माणूस अन् शेळी सारखीच. कुणाला हात जोडतेय ते तिला ठाऊकच नाय. असला नमस्कार घेऊन मी काय करू?" मग तिनं सांडूकडं बोट केलं. "यांना ठाऊक असतं. चांगलं ठाऊक असतं, म्हणून तर आठ वर्षं जोडले नाय. यांनाच ठेवा दारात. बस्ता तुमच्याकडंच बांधते. पण यांनी हात जोडावेत."

गिऱ्हाईक बोललं की तात्यासाहेबांना दुसरं काही ऐकू येत नसे. त्यांनी तिथल्या तिथं उठून भिंतीतली वायर उपटली. मंजुळाबाई अर्धी वाकलेली तशीच राहिली. शेळीनं एकदा वर बघितलं अन् निघून गेली.

सांडूचा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली होती. पुढचं त्याच्या ध्यानात येईपर्यंत चतुराबाई उठली होती. तिच्या मागोमाग सगळ्या बायका उठल्या, शटरखालून वाकून रस्त्यावर गेल्या आणि दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही परत आत येतो, म्हणाल्या. तात्यासाहेबांनी सांडूला नजरेनंच दारात ढकललं.

सांडू दारात आला. आपली नेहमीची जागा, पायाखालची फरशी ओळखीची. पण मागं गादीवर आवडाबाई मान उंच करून बघत होत्या, आणि त्या बघत होत्या म्हणजे संध्याकाळच्या एस्टीनं सगळं गाव बघणार होतं. पारावर कोण काय म्हणेल, भाऊबंद कसे हसतील, सगळं त्याच्या कानात वाजायला लागलं. पुढं चतुराबाई पायपुसण्याशी येऊन थांबली. घाई नव्हती तिला.

सांडूची नजर सवयीनं समोरच्या घड्याळाकडं गेली. मोर्च्यामुळं घड्याळजीनं फळ्या लावून दुकान बंद केलं होतं. बघायला काही नव्हतं.

त्यानं हात वर आणले. छातीपाशी आणून जोडले. मान खाली घातली, कमरेत वाकला, आणि पायपुसण्याच्या काथ्याकडं बघत म्हणाला, "या ताई."

चतुराबाई जागची हलली नाही. "बघून," ती म्हणाली.

सांडूनं जोडलेले हात तसेच ठेवून मान वर केली. चतुराबाईच्या डाव्या भुवईवर जुनी खोक होती. आठ वर्षांत ती त्याला कधी दिसली नव्हती. तिच्याकडं बघत त्यानं पुन्हा म्हटलं, "या ताई." चतुराबाईनं हात जोडले आणि आत गेली. तिच्या मागची बाई पुढं आली.